शेगलाची भाजी आणि निळी गोळी



दर सोमवारी मधल्या सुट्टीत मुलांचं जेवण उरकलं की मी गोळ्यांचा डबा आणि रजिस्टर घेऊन वर्गावर्गांत फिरते. शाळेत मी विज्ञान शिकवते, त्यामुळे हे काम आपसूकच माझ्याकडे आलं. गोळी निळी असते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि थोडं फॉलिक अ‍ॅसिड असतं. दहा ते एकोणीस वयाच्या प्रत्येक मुला-मुलीला ती आठवड्यातून एकदा द्यायची असते. मी नाव घेते, मूल गोळी तोंडात टाकतं, पाणी पितं, मी खूण करते. निदान मला तसं वाटत होतं.

गेल्या श्रावणात एकदा नववीच्या वर्गामागे गेले होते. पावसाने ती भिंत शेवाळून हिरवीगार झालेली. खिडकीखाली त्या हिरव्यावर निळसर ओघळ दिसले. एक नाही, कितीतरी. जिभेखाली दडवलेल्या गोळ्या मी पाठ फिरवली की खिडकीतून बाहेर जात होत्या, आणि पाऊस त्यांचा रंग भिंतीवर उतरवत होता. मी मुलींना रागावले नाही. त्यांना जवळ बसवून कारण विचारलं. कुणी म्हणाली, पोटात मळमळतं. कुणी म्हणाली, शौचाला काळं होतं, भीती वाटते. आणि एक अगदी सरळ म्हणाली, "बाई, आजी सांगते, गोळ्या गरम पडतात. खायचंच तर घरचं खा."

तिच्या आजी पुढच्या पालकसभेला आल्या होत्या. मी विषय काढताच त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, आमच्या वेळार खंय होत्यो गोळ्यो? शेगलाची भाजी नि कुळथाची पिठी खाऊनच आमी डोंगर चढलंव." शेगल म्हणजे शेवग्याचा पाला. सभेत बऱ्याच माना डोलल्या. त्या दिवशी मला त्यांना नीट उत्तर देता आलं नाही. आजींचं म्हणणं खोडून काढावं असं मला वाटत नव्हतं, कारण त्यातलं अर्धं माझंही म्हणणं आहे. पण उरलेल्या अर्ध्यापायी मी माझ्याच मुलीचे काही महिने वाया घालवले आहेत. ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

माझी मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती. अभ्यासाला बसली की पेंगायची. घाटी चढताना मध्येच थांबायची. मी म्हणायचे, आळशी झालीस, मोबाइल कमी कर. उकड्या तांदळाच्या डब्याशी तिला दोनदा पकडलं. मूठभर कच्चे तांदूळ तोंडात घालून चघळत उभी होती. मी तिला बोलले, फार बोलले. विज्ञानाची शिक्षिका असून मला हे कळलं नाही की माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हे पुष्कळदा शरीरातलं लोह आटल्याचं लक्षण असतं. ते व्यसन नाही की वाईट सवय नाही. अशा मुलाला मारून किंवा लाजवून काही साधत नाही. त्याचं रक्त तपासायला हवं.

तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ८.६ निघालं. बारा ते चौदा वयाच्या मुलांचं बाराच्या खाली असलं की त्याला पांडुरोग, म्हणजे अ‍ॅनिमिया म्हणतात. पाच ते अकरा वयासाठी हा आकडा साडेअकरा आहे. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. पण घरात सगळ्यांचं एकमत झालं, माझंही, की आधी घरचे उपाय करून बघू. रोज सकाळी बीटाचा रस, संध्याकाळी दोन खजूर. लाल दिसतंय ते रक्त वाढवणार, अशी एक समजूत आपल्या मनात कुठेतरी खोल रुतलेली असते. शिकलेल्या माणसाच्याही असते. दोन महिने मी पहाटे उठून बीट किसत होते. दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी केली. ८.८.

त्या रात्री मी पहिल्यांदा आकडे उघडून बसले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांची नवी कोष्टकं छापली आहेत. त्यांत शंभर ग्रॅम बीटात लोह आहे पाऊण मिलिग्रॅम. फक्त पाऊण. तेवढ्याच मेथीच्या पाल्यात साडेपाचहून जास्त, लाल माठात सातच्या पुढे, शेवग्याच्या पाल्यात साडेचार. ज्याचा रस काढायला मी रोज अर्धा तास घालवत होते, त्या बीटाच्या सहा पट लोह परसातल्या शेवग्याच्या पानांत होतं. बीट वाईट नाही, खुशाल खा. पण त्याचा लाल रंग एका वनस्पतिरंगाचा आहे. रक्ताशी त्याचा काही संबंध नाही.

आता आजींच्या बाजूने बोलते.

आपल्याकडे गोकुळाष्टमीला शेगलाची भाजी करतात. ऐन पावसाळ्यात कोवळा पाला ओरबाडायचा, ओलं खोबरं घालून परतायचा, सोबत आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ. हा बेत मी मांडून बघितला तेव्हा थक्क झाले. पाल्यात लोह आहे, फॉलिक अ‍ॅसिड आहे आणि क जीवनसत्त्वही भरपूर आहे. आंबोळीचं पीठ रात्रभर आंबलेलं असतं. वाटाणे भिजवलेले असतात. धान्य-कडधान्यांत फायटेट नावाचं द्रव्य असतं, ते लोहाला धरून ठेवतं आणि आतड्यातून रक्तात जाऊ देत नाही. भिजवल्याने, मोड आणल्याने, आंबवल्याने ही पकड सैल होते. आंबोळी बिडाच्या तव्यावर घातली तर तव्याचंही थोडं लोह पिठात उतरतं, आणि पीठ आंबट असल्याने जरा जास्तच. ज्या बायकांनी हा बेत बसवला त्यांच्या हाताशी कोष्टकं नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या माणसं जेवताना बघून त्या शिकल्या.

असंच कुळथाचं. कुळथात शंभर ग्रॅमला पावणेनऊ मिलिग्रॅम लोह. पांढऱ्या तिळात पंधराच्या आसपास, कारळ्यांत अठरा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी देशावर तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी करतात. त्या बाजरीत साडेसहा. राजगिऱ्यात आठ-नऊ. नाचणीत साडेचार, वर कॅल्शियम वेगळं. सणावारांच्या निमित्ताने वर्षभर हे सगळं आपल्या ताटात फिरतं ठेवलं होतं. आणि आपण काय केलं? कारळ्याची चटणी घरातून गेली, तिच्या जागी सॉसची बाटली आली. नाचणीची भाकरी 'गरिबाची' ठरली. सकाळची पेज गेली आणि चहात बुडवलेली खारी आली. मला हे लिहितानाही वाईट वाटतं.

अळिवाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण मुलींच्या आयांकडून मला सर्वांत जास्त प्रश्न अळिवाबद्दल येतात. बाळंतिणीला अळिवाचे लाडू देण्याची आपली रीत जुनी आहे आणि चांगली आहे. नारळाच्या पाण्यात अळीव भिजवायचे, ओलं खोबरं आणि गूळ घालून आटवायचे. मात्र पुष्कळ लेखांत, मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांत तुम्ही वाचलं असेल की शंभर ग्रॅम अळिवात शंभर मिलिग्रॅम लोह असतं. हा आकडा कुणी मनाने रचलेला नाही. पोषण संस्थेच्याच जुन्या पुस्तकात तो होता. नव्या कोष्टकात तो सुमारे १७ आहे. पोह्यांचंही तसंच, जुन्या पुस्तकात २०, नव्यात साडेचारच्या आसपास. जुन्या नमुन्यांत बियांना चिकटलेली धूळ-माती, कांडपाच्या यंत्राचं लोखंड असंही मोजलं जाई. ते लोखंड शरीराच्या फारसं उपयोगी पडत नाही. शिवाय मोजण्याच्या पद्धतीही सुधारल्या. १७ हा आकडाही लहान नाही. बियांमध्ये अळिवाचं स्थान वरचंच आहे. पण शंभर ग्रॅम अळीव कोण खातं? एका लाडवात फार तर दहा ग्रॅम. म्हणजे पावणेदोन मिलिग्रॅम.

शेवग्याच्या पाल्याच्या पावडरीचंही असंच. हल्ली डबे येतात, त्यांवर लिहिलेलं असतं, पालकाच्या पंचवीस पट लोह. वाळवलेल्या पानांतलं पाणी गेलेलं असतं, म्हणून शंभर ग्रॅम पावडरीत सगळंच जास्त दिसतं. खायची मात्र एक चमचा, दोन-तीन ग्रॅम. त्यात मिलिग्रॅमभरही लोह येत नाही. त्या डब्याला चारशे-पाचशे रुपये घालवण्यापेक्षा कुंपणाला शेवग्याची फांदी रोवा. पावसात रोवली की ती जीव धरते.

आता एक ताट मांडूया. तेरा ते पंधरा वयाच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह मिळावं अशी शिफारस आहे. त्याच वयाच्या मुलाला २२. मुलींना जास्त, कारण पाळी सुरू झालेली असते. आता तिला आपण आजीच्या पद्धतीने जेवू घातलं. शंभर ग्रॅम पिठाच्या नाचणीच्या भाकऱ्या, ४.६. वाटीभर कुळथाची पिठी, अडीच. शेगलाची भाजी, अडीचच्या जरा आत. कारळ्याची चटणी दोन चमचे, पावणेदोन. अळिवाचा एक लाडू गुळासकट, अडीचच्या आत. भात धरून एक. बेरीज पंधराच्या आसपास. ताट इतकं भरलेलं, इतकं विचाराने वाढलेलं, तरी शिफारशीच्या निम्मं. मान्य, की शिफारस बहुतेक सगळ्या मुलींना पुरावी म्हणून सढळ धरलेली असते. एखादीचं याहून कमीतही भागतं. पण ज्या घरात डबा म्हणजे चपाती आणि बटाट्याची भाजी, त्या घरातली मुलगी कुठे असेल ते तुम्हीच मनात मांडून बघा.

आणि ताटातलं सगळं रक्तात जात नाही. मासे, कलेजी, मटण यांतलं लोह शरीर बऱ्यापैकी उचलतं. वनस्पतींमधलं लोह मात्र शंभरातलं पाच-दहा, कधी त्याहूनही कमी. आतड्याच्या दारात ते अडतं किंवा आत घेतलं जातं, आणि ते बरंचसं सोबत काय खाल्लं यावर ठरतं. पालकांनी काही करण्यासारखं असेल तर ते नेमकं इथेच आहे.

लोहाला आत घेऊन जाणारा सगळ्यांत मोठा सोबती म्हणजे क जीवनसत्त्व. ताटात लिंबाची फोड ठेवा आणि ती पिळायला लावा, शोभेला ठेवू नका. उसळीवर, पिठीवर, पालेभाजीवर शिजवून झाल्यावर पिळायची, कारण उकळत्या आचेवर क जीवनसत्त्व नासतं. आवळा घ्या, पेरू घ्या. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व असतं आणि आवळ्यात त्याहून जास्त. आणि बोंडू! मार्च-एप्रिलमध्ये आपल्या काजूच्या बागांत बी काढून घेतलेल्या बोंडूंचे ढीग कुजत पडतात. त्या बोंडूत संत्र्याच्या कित्येक पट क जीवनसत्त्व असतं. घशाला खवखवतं म्हणून मीठ लावून खायचं. आम्ही लहानपणी खायचो. आमच्या मुलांना ते कचरा वाटतं.

वाट अडवणारा सगळ्यांत मोठा अडथळा म्हणजे चहा. जेवताना किंवा जेवल्यावर लगेच घेतलेला चहा वनस्पतींमधलं लोह निम्म्याहूनही कमी शोषू देतो. आपल्या घरांत मुलं चहा-चपाती खाऊन शाळेला येतात. मायबापांनो, हे एवढं बदला. चपातीबरोबर भाजी द्या, चटणी द्या, नाहीतर गुळाचा खडा आणि अर्धा पेरू द्या. चहा द्यायचाच असला तर जेवणाआधी-नंतर तासाभराचं अंतर ठेवून. एकही पैसा न खर्चता करण्याजोगा याहून मोठा उपाय मला माहीत नाही.

दूध हा जरा नाजूक विषय आहे, कारण दूध म्हणजे ताकद असं आपण मानतो. पण गाई-म्हशीच्या दुधात लोह जवळजवळ नसतं, आणि त्यातलं कॅल्शियम लोह शोषण्याच्या आड येतं. दोन-तीन वर्षांचं पोर जेवत नाही म्हणून आई दिवसभर बाटलीने दूध पाजते. पोट दुधाने भरतं, मग ते आणखी जेवत नाही. गुबगुबीत दिसतं आणि रक्त नाही. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध जात असेल तर कमी करा आणि भात-वरणात पालेभाजी कुस्करून सुरू करा. सहा महिने पूर्ण झाल्याबरोबर वरचं अन्न सुरू व्हायला हवं. ते लांबलं तर आईकडून मिळालेला साठा संपतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांना अ‍ॅनिमिया आढळला. दहांतली जवळपास सात मुलं. पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींत ५७.२ टक्के. माझ्या वर्गात तीस मुली आहेत. सोमवारी हजेरी घेताना मी मनात सतरा मोजते आणि कुठल्या सतरा, असं चेहऱ्यांकडे बघत राहते.

आता आजींच्या म्हणण्यातल्या त्या उरलेल्या अर्ध्याकडे येते.

माझ्या मुलीचं वजन तेव्हा चाळीस किलो होतं. आमच्या डॉक्टरांनी कागदावर गणित करून दाखवलं. चाळीस किलोच्या शरीरात साधारण २.८ लिटर रक्त. हिमोग्लोबिन ८.६ वरून बारावर न्यायचं तर जवळजवळ ९५ ग्रॅम हिमोग्लोबिन नव्याने तयार व्हायला हवं. एक ग्रॅम हिमोग्लोबिनला ३.४ मिलिग्रॅम लोह लागतं. म्हणजे सव्वातीनशे मिलिग्रॅम. रिकामा झालेला साठा भरायला आणखी दीड-दोनशे. ही पाचशेची तूट रोजच्या खर्चावर शिल्लक टाकून भरायची. उत्तम जेवणातून रोज एखादा मिलिग्रॅम जास्तीचा रक्तात पोचला, असं धरलं तरी दीड वर्ष जातं, आणि मध्ये दर महिन्याला पाळी. रोजच्या ६० मिलिग्रॅमच्या गोळीतून शंभराला दहा या हिशेबाने सहा मिलिग्रॅम आत जातात. दीड वर्ष विरुद्ध तीन महिने. त्या कागदाकडे बघताना मला बीट किसणारी मी दिसत होते.

आजी जे सांगतात ते निरोगी घराला निरोगी ठेवणारं अन्न आहे, आणि ते पूर्ण खरं आहे. विहीर भरलेली असताना जितकं उपसतो तितकं झऱ्यातून येत राहतं. पण विहिरीचा तळ दिसू लागल्यावर नुसत्या झऱ्यावर भागत नाही. आजींच्या काळी विहिरीचा तळ दिसलेल्या बायकाही होत्याच. त्यांतल्या काही बाळंतपणात गेल्या. घराघरांत त्यांची नावं निघतात, फक्त त्या कशाने गेल्या ते कुणी म्हणत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गोळी विरुद्ध वनस्पती असं भांडण आपल्या जुन्या वैद्यांनीही मांडलेलं नाही. चरकसंहितेत पांडुरोगावर स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात लोहाचे, मंडुराचे कल्प सांगितले आहेत. धात्री लोह या कल्पात आवळा आणि लोह एकत्र असतं. आज आपण गोळीबरोबर लिंबू पाणी प्या म्हणतो, त्याच्याशी हे किती जवळ आहे! मात्र भस्मं ही औषधं आहेत. बाजारातून किंवा कुणा फिरत्या माणसाकडून चिठ्ठी नसलेली पुडी आणून मुलाला देऊ नका. त्यात शिसं किंवा दुसरे जड धातू असण्याचा धोका असतो. घ्यायचंच तर शिकलेल्या वैद्यांना मुलाचा रिपोर्ट दाखवून त्यांच्या सल्ल्याने.

शाळेतली साप्ताहिक गोळी ही तूट होऊ नये म्हणून आहे. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी, मोठ्यांना निळी. 'अ‍ॅनिमियामुक्त भारत' या २०१८ पासूनच्या कार्यक्रमात ती मोफत मिळते. लहान बाळांसाठी आठवड्यातून दोनदा औषधाचा एक मिलिलिटर, आशाताईंकडे किंवा अंगणवाडीत विचारा. ज्याला तूट झालेलीच आहे त्याला आठवड्याची गोळी पुरत नाही. त्याला रोजचा डोस लागतो, तो वजनावर ठरतो आणि तो डॉक्टरांनी ठरवायचा. महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एकाने तरी वाढायला हवं. आकडा नीट झाला तरी साठा भरण्यासाठी गोळ्या पुढे दोन-तीन महिने चालू राहतात. इथेच बहुतेक जण थांबतात आणि सहा महिन्यांनी पुन्हा तिथेच येतात.

मुलींच्या तक्रारी खऱ्या आहेत, त्या उडवून लावू नका. मळमळतं, तर गोळी जेवणानंतर किंवा रात्री झोपताना द्या, पण दूध-चहाबरोबर नको. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा. शौचाला काळं होतं, कारण न शोषलेलं लोह बाहेर पडतं. ते रक्त नव्हे, घाबरू नये. तिला आधीच सांगितलेलं असलं की ती गोळी खिडकीतून फेकत नाही. मी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून ती भिंत निळी झाली. आणि घरात या गोळ्या असतील तर त्या उंच कपाटात, कुलपात ठेवा. लहान मुलं रंगीत गोळ्या खाऊ समजून मूठभर खातात. लोहाचा असा मोठा डोस लहान मुलाच्या जिवावर बेततो. असं घडलं तर वाट न बघता तडक दवाखाना गाठा.

गोळ्या नियमित घेऊनही आकडा हलत नसेल तर कारण दुसरीकडे आहे. पोटात जंत असतील. दूषित मातीतून अनवाणी पायांच्या कातडीत शिरणारे आकडीजंत आतड्याला चिकटून रक्त पितात, आणि आपल्या पावसात, आपल्या वाड्यांत मुलं अनवाणीच असतात. शाळेत वर्षातून दोनदा जंताची गोळी देतात, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. ब१२ कमी असेल, जे पूर्ण शाकाहारी घरांत फार दिसतं. कुठल्याच पाल्यात ते नसतं, दूध-दही-अंड्यांत असतं. मुलीची पाळी आठ-दहा दिवस चालत असेल तर तिला डॉक्टरांना दाखवा. यात लाज कसली? आणि थॅलेसेमियाचा वारसा किंवा सिकलसेल असेल तर मनाने लोह देत राहणं अपायाचंही ठरू शकतं. विदर्भात, नंदुरबारकडे ज्यांचे नातलग आहेत त्यांना सिकलसेल हा शब्द ओळखीचा असेल. रक्ताच्या एका वेगळ्या तपासणीने हे कळतं.

माझी मुलगी. तिला रोज गोळी सुरू केली, आणि मी बीट किसायचं सोडून शेगलाचा पाला ओरबाडू लागले. सकाळची चहा-चपाती बंद. पिठीवर लिंबू. पहिल्या महिन्यात ९.९, तिसऱ्या महिन्यात ११.९. आकड्यांच्या आधी मला दुसरंच काही कळलं होतं. एका संध्याकाळी ती घाटी चढून घरी आली आणि दारातून आत येता येता बोलतच होती, दम घ्यायला थांबली नव्हती. उकड्या तांदळाचा डबाही तिने सोडला, मी काही न सांगता.

आणि बाबांनो, ही गोष्ट मी मुद्दाम तुम्हाला सांगते आहे. एकदा तुमच्या घरात कोण शेवटी जेवतं ते बघा. आपल्याकडे पिठीतला जाडसर भाग आधी पुरुषांच्या ताटात जातो, मासळीचा तुकडा मुलाला, आणि आई मुलीला घेऊन उरलेल्या पाण्याशी भात कालवते. तिला वाढायचं राहिलं असं कुणाच्या मनातही येत नाही. ज्या मुलीला ३० लागतं तिला आपण २२ लागणाऱ्याच्या नंतर वाढतो. सगळ्यांनी एकत्र बसा, जेमतेम असलं तरी सारखं वाढा. हीच मुलगी पुढे रिकाम्या साठ्याने बाळंत झाली तर बाळही अपुरा साठा घेऊन येतं, आणि ते ६८.९ टक्के तिथूनच सुरू होतात.

त्या आजी पुन्हा भेटल्या. आठवडी बाजारात पाल्याच्या जुड्या घेऊन बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर खाली बसून हे सगळं सांगितलं, विहिरीचं उदाहरणही तेव्हाच सुचलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे गोळी खाऊची, पण भाजी सोडूची न्हय." मी म्हटलं, हो. त्यांनी दोन जुड्या माझ्या पिशवीत घातल्या आणि पैसे घेतले नाहीत. नातीला म्हणे आता सोमवारी संध्याकाळी विचारतात, गोळी खाल्लंस मां?

शाळेच्या कुंपणाला मुलांनी दोन वर्षांपूर्वी शेवग्याच्या चौदा फांद्या लावल्या होत्या. अकरा जगल्या. श्रावणात त्यांना इतका पाला येतो की शाळेला संपत नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की फाटक तासभर उघडं ठेवते. पिशवी घेऊन या, आणि येताना मुलीच्या रक्ताचा रिपोर्ट असेल तर तोही आणा. आपण दोघं बसून वाचू.